हॉटेलात भरलेली ओटी

'कर्मचाऱ्याने तुमच्याकडे पाहून स्मित केले का?' हा त्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न, आणि त्याचा मला सुरुवातीपासून राग. कोल्हापुरात अनोळखी माणूस उगाच दात दाखवायला लागला तर समोरचा आधी स्वतःचं पाकीट चाचपतो. इथली आपुलकी मोठ्या आवाजात येते, 'बसा की, उभं का?' अशी अंगावर येते. पण प्रश्न काढणारे दूरच्या शहरातल्या थंडगार ऑफिसात बसलेले. त्यांना स्मित हवं होतं.

माझं काम गुप्त ग्राहकाचं. साध्या गिऱ्हाइकासारखं हॉटेलात जायचं, जेवायचं, सगळं न्याहाळायचं आणि घरी येऊन मोबाइलवर प्रश्नावली भरायची. आपण कोण ते कुणाला कळू द्यायचं नाही. शिकवणीला येणारी मुलं कमी झाली तेव्हा मी हे काम धरलं. नवरा चिडवायचा, "दुसऱ्याच्या पैशानं जेवायचं आणि वर नावं ठेवायची, हे काम तुझ्यासाठीच काढलंय." सुरुवातीला मलाही मजा वाटायची, खोटं कशाला बोलू?

मग हायवेवरच्या त्या हॉटेलाचं काम आलं. गावाकडचा थाट विकणारं हॉटेल, ठिकठिकाणी शाखा. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर सुपं टांगलेली, आणि जेवायच्या दालनाच्या मधोमध उंच ओट्यावर चूल. तिथं स्टुलावर बसून साठीची एक बाई भाकरी थापत होती. अंगावर हिरवी नऊवारी, तीही कंपनीनं दिलेली. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढत होते आणि ती भाकरीवरची नजर काढत नव्हती.

मी चुलीजवळच्या टेबलावर एकटीच बसले. थोड्या वेळानं तिनं विचारलंच.

"पावणं, कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

इथं काहीतरी थाप मारायची असते. स्वतःची माहिती देऊ नका, असा नियमच होता. पण कुणी 'कुठल्या' असं विचारल्यावर गाव लपवणं मला आजवर जमलेलं नाही. मी कागलजवळच्या माझ्या माहेरचं नाव सांगितलं.

तिचा हात परातीतच थांबला. "आगं बया! माझ्या आईचं म्हायार की त्ये! म्हंजी तू माझी मावशी लागतीस!"

"अहो, मी तुमच्यापेक्षा किती लहान आहे."

"ल्हान आसलीस म्हणून काय झालं? आईच्या गावची ती मावशीच."

त्यानंतर मी गिऱ्हाईक उरलेच नाही. भाकरी तव्यावरून थेट माझ्या ताटात पडायला लागली. नको म्हटलं की दरडावणी, "खा की गुमान." देवळामागची चिंच अजून आहे का, विहीर बुजवली म्हणतात ते खरं का, सगळं विचारून झालं. मधेच स्वतःचंही सांगितलं. नवरा गेलेला, मुलगी सासरी, गुडघे कामातून गेलेले. "रानात बसून भांगलायला जमत न्हाय बघ आता. हितं बसून काम हाय, म्हणून चाललंय."

मी बिल दिलं आणि उठले, तर ती म्हणाली, "थांब जरा." आत गेली, ओंजळीत तांदूळ आणि गुळाचा खडा घेऊन आली. गल्ल्यावरच्या देवापुढची कुंकवाची डबी मागून घेतली. पण कुंकू स्वतः लावेना. शेजारच्या टेबलावर एक बाई जेवत होती, तिला म्हणाली, "ताई, हिला तेवढं कुकू लावा की." त्या बाईनंही हात पुसून मुकाट्यानं लावलं. मला ते बरं वाटलं नाही. मी म्हटलं, "तुम्हीच भरा ओटी. मी नाही मानत असलं काही." ती घुटमळली, आणि मग माझ्या ओढणीत तांदूळ घातले. आईच्या गावची बाई रिकाम्या हातानं पाठवायची नाही, एवढंच तिला कळत होतं. माझे डोळे भरून आले.

घरी येऊन मी प्रश्नावली भरली. सगळीकडे उत्तम. ओटीबद्दल प्रश्नच नव्हता, मी लिहिलं नाही.

काही दिवसांनी कंपनीचा मेल आला. कर्मचाऱ्याने ग्राहकास हॉटेलचा माल बिलाशिवाय दिल्याचे कॅमेऱ्यात दिसते, ग्राहक आपणच आहात का, काय दिले, याचा खुलासा करावा. मागोमाग एका मुलीचा फोन, आवाजात साखर. "मॅडम, एवढंच सांगा. दिलं की नाही दिलं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माल म्हणे! मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा! मी लगेच बसून सविस्तर मेल लिहिला. ओटी म्हणजे काय, आईच्या गावची बाई म्हणजे कोण, या बाईनं चोरी केलेली नाही तर तुमच्या हॉटेलाची लाज राखली आहे, आणि एवढी माया तुमच्या कुठल्याही शाखेत पैसे मोजून मिळणार नाही. तांदळाचे पैसे माझ्या मानधनातून कापून घ्या, असंही ठणकावलं. मेल पाठवला आणि बाईसाठी भांडल्याचं समाधान वाटलं.

उत्तर एका ओळीचं होतं. 'घटनेस दुजोरा दिल्याबद्दल आभार.'

मी फोनवर फोन केले. आधी ती गोड आवाजाची मुलगी 'वर कळवते' म्हणाली, मग कुणी फोनच उचलेना. शेवटी मी उठून हॉटेलात गेले. चूल तीच, नऊवारी तीच, आत बाई दुसरी, तरुण. माझ्याकडे बघून तिनं स्मित केलं. गाव विचारलं नाही.

अजूनही ते आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. यांना चूल पाहिजे, नऊवारी पाहिजे, पाट्यांवर छापायला सुरकुतलेले हात पाहिजेत. त्या हातांनी गावाकडच्या बाईसारखं एकदा वागून दाखवलं तर ती चोर! आणि हे ठरवणाऱ्यांना ओटी शब्द समजावून सांगायला मी शहाणी पुढं झाले होते.

दारावरच्या वॉचमननं तिचं घर सांगितलं. हायवेच्या पलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्या. ती नुकतीच रानातून आली होती. उंबऱ्यावर पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत होती, शेजारी खुरपं पडलेलं. मला बघून तोंडभर हसली. "मावशी! ये की."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मी कोण, कशाला आले होते, मेलमध्ये काय लिहिलं. तिचा तेलाचा हात थांबला.

"म्हंजी तू त्यास्नीच सांगाय आलीवतीस व्हय, आमी कसं वागतोय त्ये?"

"होय."

ती परत गुडघ्याला तेल चोळायला लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, "माझंच चुकलं. सरळ 'नाही' म्हणून कळवायला हवं होतं. ओटीबिटी काही भरली नाही, कॅमेऱ्यात दुसरंच काहीतरी दिसतंय म्हणून. तुमचं काम तरी राहिलं असतं."

तेव्हा मात्र ती भडकली. माझ्यावर, पहिल्यांदाच.

"तसं लिवलं आस्तंस तर ह्या दारात उभं करून घेतलं नस्तं तुला. काम गेलं तर गेलं. भरलेली ओटी न्हाय म्हणायची आस्ती व्हय?"