बिनटाक्याच्या ऑपरेशनचे धक्के

दवाखान्यातल्या गोष्टी केसपेपरवर कुठं येतात? केसपेपरवर 'पेशंट बरा, घरी सोडले' एवढंच. बाकीचं सगळं आमच्यासारख्या सिस्टरांच्या डोक्यात साठत जातं, आणि चार मैत्रिणी चहाला बसल्या की बाहेर पडतं. मी शिरूरच्या एका छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा दुर्बिणीचं मशीन आणलं. पोटाला तीन-चार भोकं पाडायची, आत दुर्बीण घालायची आणि टीव्हीवर बघत ऑपरेशन करायचं! लोकांना धक्का बसायचाच. पण खरं सांगू? त्यांच्यापेक्षा जास्त धक्के आम्हालाच बसले.

*

दर मंगळवारी डॉक्टर दौंडला ऑपरेशनं करायचे. दुर्बीण एकच, त्यामुळं तीही आमच्याबरोबर जीपमधून यायची. दुलईत गुंडाळून, माझ्या मांडीवर. एकदा न्हावऱ्याच्या पुढं जीप अशी खड्ड्यात आदळली की माझं कपाळ दांडीवर आपटलं. रक्त यायला लागलं. डॉक्टरांनी करकचून ब्रेक मारला, मागं वळले. चेहरा पांढराफटक!

"लागलं का?"

"हो सर, थोडंसं."

"अहो तुम्हाला नाही, दुर्बिणीला!"

*

एकदा ऑपरेशन ऐन रंगात असताना टीव्हीचं चित्र गेलं. डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले, पडदा काळा. "कुणी हलायचं नाही!" ते ओरडले, "आधी सलीमभाईंना बोलवा!" सलीमभाई म्हणजे स्टँडजवळचे टीव्ही मेकॅनिक. त्यांना गाऊन, टोपी, मास्क चढवून आत आणलं. वायर लूज होती, दोन मिनिटांत चित्र आलं. आमचा जीव भांड्यात पडला.

सलीमभाई मात्र पडद्याकडं बघून नाराज. "डॉक्टर, लाल लई मारतंय. कलर जरा कमी करतो."

"हात लावू नका! ते लालच असतं!"

"कॅसेट कसली हाय पन ही?"

डॉक्टरांनी नुसता चिमटा हलवला. पडद्यावरचा चिमटाही हलला. सलीमभाईंनी डॉक्टरांच्या हाताकडं बघितलं, मग पडद्याकडं, मग टेबलावरच्या पेशंटकडं.

"म्हंजी हे... आत्ताचं? ह्याच्याच पोटातलं?"

आणि बसले की खाली! त्या दिवशी आम्ही थिएटरमधून दोन पेशंट बाहेर काढले.

*

नातेवाइकांचा विश्वास बसावा म्हणून डॉक्टरांनी बाहेर व्हरांड्यात दुसरा टीव्ही लावला होता. आतलं ऑपरेशन बाहेर दिसायचं. वडगाव रासाईच्या एका आप्पांचा पित्ताशय काढत होतो. बाहेर अख्खी भावकी. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी रामराम म्हणतंय. आप्पांची लेक पदर तोंडात धरून रडत होती. मी सलाइन घ्यायला बाहेर आले, तेवढ्यात जावईबापू माझ्यापाशी आले. मला वाटलं, यांनाही चक्कर आली.

"सिस्टर, ह्याला अजून किती वेळ हाय?"

"होईल अर्ध्या तासात. घाबरू नका."

"घाबरत न्हाई वो. तवर जरा मॅच लावा की!"

*

पोट फुगवायला आत गॅस सोडतात, हे समजावून सांगणं फार अवघड. निमोण्याच्या एका आजींच्या मुलाचं अपेंडिक्स काढायचं होतं. सगळं ऐकून घेतल्यावर आजी माझ्यावरच उसळल्या. "आमी सिलिंडरला नंबर लावून दोन म्हैनं झालं, आन् तुमच्याकडं लोकांच्या पोटात भराया गॅस हाय व्हय!"

ऑपरेशन छान झालं. महिन्याभरानं मायलेक तपासणीला आले. मुलगा बारीक चेहरा करून म्हणाला, "डॉक्टर, आईनं माझी बिडी बंद केलीय. काडी पेटीवली तरी हातातली हिसकावून घेती."

आजी म्हणाल्या, "मग! भडका उडाला म्हंजी?"

गॅस कधीच निघून गेला होता. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग आजींकडं. आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "आजी म्हणतात ते बरोबर आहे."

*

रांजणगावच्या कंपनीतला एक ऑपरेटर ऑपरेशननंतर आठवड्यात कामावर गेला आणि दुपारी परत दवाखान्यात आला. मी धावतच गेले. "काय झालं? दुखतंय? ताप?"

"न्हाई. सायबानं शर्ट वर करायला लावला. म्हनला, एवढ्याशा चार पट्ट्यांचं कुठं ऑपरेशन असतंय? सुट्टी मंजूर न्हाई!" मग त्यानं हात जोडले. "सिस्टर, एक मोठा टाका घालून द्या. दिसंल असा!"

*

आता ही शेवटची. गाव सांगणार नाही.

मूल होत नाही म्हणून एका सासूबाईंनी सुनेला आणलं होतं. सून तिशीची. नवऱ्याची पहिली बायको वारलेली, तिची दोन लहान मुलं लग्नापासून हीच सांभाळत होती. "सात वर्सं झाली, हिची कूस उजवंना," सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. सून खाली मान घालून उभी.

अशा तपासण्या डॉक्टरांच्या मिसेस करायच्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. बायकांच्या वेळी बाहेरचा टीव्ही बंद असायचा. मॅडमनी दुर्बीण आत घातली. पडद्यावर बघतो तर, दोन्ही गर्भनळ्यांवर पांढऱ्या रिंगा. कुटुंबनियोजनाच्या कँपात घालतात त्या!

मॅडमनी दुर्बीण बाहेर काढली. "हिला न सांगता कुणी केलं हे? नवऱ्यानं? सासूनं? मी सोडणार नाही त्यांना."

ती शुद्धीवर आली तेव्हा मॅडमनी दार लावून घेतलं आणि तिच्या कॉटवर बसल्या. "बाई, तुझं कुणीतरी आधीच ऑपरेशन केलंय. तुला फसवलंय."

तिनं आधी दार लागलंय का बघितलं.

"कुनी न्हाई फसावलं. माझी मीच गेले व्हते." मग तिनं मॅडमचा हात धरला. "सासूबाईला सांगनार?"

"तू सांग म्हणालीस तरच."

तिनं मान हलवली. नाही.

मॅडमना राहवेना. "पण स्वतःचं एकही मूल नसताना कँपवाल्यांनी तुझं ऑपरेशन केलंच कसं?"

"दोन्ही पोरांला संगं नेलं व्हतं की," ती म्हणाली. "धाकटी माझ्या कडंवरून उतरतच नव्हती."