बांधावरचा शेंदूर

ब्राह्मणपुरीत आमच्या शेजारच्या शेतातल्या काकांना बोलताना काहीतरी चाचपल्याशिवाय राहवत नाही. कापसाचं बोंड, केळीचं पान, नाहीतर माझ्या पिशवीचा बंद. म्हणतात, "माय, हात लावाशिवाय माले काही समजत नही."

उल्केतली धूळ तपासणं हे माझं काम. एका सुट्टीत मी त्यांना सांगितलं होतं, की त्या धुळीत सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांचे कण असतात. तारा फुटताना त्यातून न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण जातात, त्यांच्या खुणा धुळीत उरतात आणि त्यावरून न्यूट्रिनोचा स्वभाव कळतो. आभाळातून पडलेल्या अशा दगडाला हात किंवा पूजेचं शेंदूर-तेल लागलं, तर त्या खुणा नीट वाचता येत नाहीत. काका माझ्या पिशवीचा बंद चाचपत नुसते हं हं करत होते.

यंदा त्यांच्या कापसात आभाळातून दगड पडला आणि त्यांनी मला फोन केला. मी पोचले, तेव्हा नारळ फुटला होता, शेंदूरही वाहिला होता, पण सगळं बांधावर. काका दगडापासून लांब, हात पाठीमागे बांधून राखण करत बसले होते.

"पाया पडनू," ते म्हणाले, "पन दूरथीन."

हातमोजे घालून मी दगड डब्यात ठेवला. मग हातमोजे काढले आणि काकांच्या पाया पडले.