पंचाच्या परतीची वाट

खरं सांगितलं की लगेच सुटका होणार, हे ठाऊक असूनही एखादा सरळ माणूस चोरीचा आळ अंगावर घेऊन गप्प का बसतो? वाचकहो, उत्तराची घाई करू नका. पोलिसांनी अशा वेळी घाई केली की सरळ माणसंच आधी गजाआड जातात.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. प्रवरेच्या पट्ट्यातल्या एका ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. पुढच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कित्येक आता नीट आठवतही नाहीत. एका सायकलचोरीचं प्रकरण मात्र काल घडल्यासारखं डोळ्यांसमोर उभं राहतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या गावात ती घरं अजून नांदती आहेत.

सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी चाळत होतो. एक उंचापुरा बागायतदार फिर्याद घेऊन आला. त्याच्या गावात आदल्या दिवशी तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. गाव एका गुणानं हरलं होतं. आणि सकाळी तो धारा काढायला उठला, तर गोठ्यातली सायकल जागेवर नव्हती.

"पंचानं नेली," तो म्हणाला. "आमाला हरवलं ते हरवलं, वर सायकलबी घिऊन गेला."

"म्हंजी कपबी गेला अन् सायकलबी," आमचे हवालदार लिहिता लिहिता पुटपुटले.

"तुमाला हसू येतंय. कोरी सायकल हाय ती."

फिर्याद नोंदवली. दुपारी खबर आली. डेअरीला दूध घालणाऱ्या एका माणसानं पंचाला दिवेलागणीच्या सुमारास सायकलवरून कोल्हारकडे जाताना पाहिलं होतं. तीच सायकल कोल्हारच्या एस. टी. स्टँडजवळ एका सायकल दुकानात उभी होती. आम्ही पंचनामा करून ती ताब्यात घेतली. दुकानदारानं सांगितलं, एक मास्तर ठेवून गेले. सकाळी माणूस येईल, त्याला द्या, एवढंच बोलले. माणूस आलाच नाही.

पंच म्हणजे राहुरीकडच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक. जीप पाठवून त्यांना आणलं. बुटका, किडकिडीत माणूस, पांढरा पायजमा, शिट्टीची दोरी अजून खिशातून लोंबत होती. वर्गातल्या पोरांसमोरून ते पोलिसांच्या जीपमध्ये बसून आले होते. सरकारी नोकराला चोरीत अटक दाखवली की निलंबन आलंच. घरात खाणारी तोंडं पुष्कळ, पगार एक. फिर्यादी बाहेरच्या बाकावर बसून अटकेचा तगादा लावत होता.

मी विचारलं, सायकल तुम्ही नेली? नेली, म्हणाले. कुणी दिली? त्यावर मास्तर भिंतीकडे बघत राहिले.

"मग चोरली असं लिहू?"

"तुम्हाला जे दिसतं ते लिहा, साहेब. मी सही करतो."

गुन्हेगार इतक्या लवकर सहीला तयार होत नाही. मी तो प्रश्न बाजूला ठेवला, चहा मागवला आणि सामन्याचं विचारलं. मग ते बोलू लागले.

पंचांना स्पर्धेचं मंडळ मानधन देत नसे. हौसेचं काम. एस. टी.चं भाडं मिळे, पण फक्त जाण्याचं. परतीची सोय यजमान गावानं करायची, अशी जुनी रीत. यजमान जिंकले तर जेवण, नारळ, टॉवेल आणि स्टँडपर्यंत बैलगाडी. हरले, तर सगळा गाव एकदम कामात असतो.

त्या सामन्याची शेवटची चढाई यजमानांच्या सर्वांत चांगल्या गड्याची होती. त्यानं दोघांना शिवलं आणि मधली रेषा गाठली. गाव नाचायला लागलं. मास्तरांनी शिट्टी फुंकली. रेषेच्या आधी त्याचा दम सुटला होता, 'कबड्डी' तुटली होती. गडी बाद, सामना गेला. शिव्या पडल्या, कुणी धोंडाही भिरकावला. परतीचं विचारलं तेव्हा यजमान म्हणाले, ज्यांना जिंकवलंत त्यांच्या ट्रकात बसा. ट्रकवाले खरंच बोलावत होते. मास्तर बसले नाहीत.

"का नाही बसलात?" मी विचारलं.

"बसलो असतो तर शिट्टी विकली असंच झालं असतं. मग चालत निघालो."

मला संताप आला, आणि तो आजही गेलेला नाही. ज्या माणसाकडून आपण न्याय मागतो, त्याच्या घरी जाण्याची वाट एका बाजूच्या विजयावर ठेवायची? कुणी त्याला लाच देत नाही, कुणी धमकावत नाही. फक्त त्याला ठाऊक असतं, की निकाल अमुक लागला तर गाडी आहे, तमुक लागला तर पाय आहेत. ही रीत घालणाऱ्यांना आपण बेइमानीची व्यवस्था करतोय हे कळलंही नसेल. कळलं असेल तर ते आणखी वाईट.

पण चालत निघालेल्या माणसाकडे सायकल आली कुठून? तिथे मास्तर पुन्हा मुके झाले.

मी अंगणात जाऊन सायकल पाहिली. फिर्यादीला म्हटलं, बसून दाखवा. तो बसला आणि त्याचे गुडघे हँडलला भिडले. सीट पार तळाशी बसवलेली होती. नटावर पान्याचे ताजे ओरखडे, भोवती तेलाचा ओघळ.

"ही अशी नव्हती, साहेब," तो गोंधळून म्हणाला.

"चोर लई सावकाशीचा दिसतोय," हवालदार म्हणाले. "आधी तेल सोडलं, मंग पाना लावला, सीट मापात बसवली, अन् मंग चोरी केली."

मी विचारलं, तुमच्या घरात पाना कुठे असतो? ओसरीच्या कोनाड्यात. त्याला हात कोण लावतं? उत्तर देता देता फिर्यादीनं वळून त्या सीटकडे पाहिलं. घरात पाना वापरणारा एकच होता, त्याचा पुतण्या. शेवटची चढाई करणारा गडी तोच.

पुतण्याला बोलावून घेतलं. दारातून आत आला, मास्तरांना बाकावर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. मास्तर झटकन उठले. "तू काही बोलू नकोस. माझं मी बघून घेईन."

पोरगा चुलत्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सायकल म्या दिली, अण्णा. मास्तर मळ्यावरून चालत चालले हुते. आंधार पडत हुता."

"अन् त्येला दिली, ज्यानं तुला बाद दिलं?"

"माझा दम सुटला हुता. गावाला दिसलं न्हाई. मला म्हाईत हुतं, अन् मास्तरांना."

मग चुलत्यानं हळूच विचारलं, "ह्ये काल मैदानावर का न्हाई बोललास?"

"बोललो असतो तर तुमी घरात घेतलं असतं का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे कोल्हारहून सायकल आणून ठेवायची, असं त्याच्या मनात होतं. चुलता त्याच्या आधी उठला. मग भीतीनं पोरगा गप्प राहिला. सायकल सापडली की मिटेल, असं त्याला वाटलं. मास्तरांना जीपमधून आणलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं.

घरातल्याच माणसानं दिलेली वस्तू चोरीची ठरत नाही. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा बंद करायला कोर्टाकडून 'क समरी' मागवली आणि प्रकरण मिटलं. निघताना मी मास्तरांना विचारलं, एका नावासाठी तुम्ही नोकरी घालवायला निघाला होतात?

"माझी उद्या बदली होईल, साहेब. त्याला त्याच गावात राहायचंय, तिथेच खेळायचंय."

चुलता फाटकाशी सायकल धरून उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, बसा मागं. ष्टँडापत्तुर सोडतो." मास्तर म्हणाले, आधी सीट वर घ्या, नाहीतर दोघंही ओढ्यात जाऊ. पुतण्यानं हवालदारांकडून पाना मागून घेतला.

गावानं त्या पोराला संघातून काढलं, हेही सांगायला हवं. पुढच्या हंगामात परत घेतलं, कारण चढाईला तसा दुसरा गडी नव्हता. गावांचा पश्चात्ताप बहुधा असाच येतो.

या प्रकरणानं मला शिकवलं ते हे, की माणूस प्रामाणिक आहे का, हे विचारण्याआधी त्याला प्रामाणिक राहायला किती खर्च येतो ते विचारावं. मास्तरांसारखा एखादा तो खर्च सोसतो. प्रत्येकानं सोसावा, ही अपेक्षा मला निर्दयपणाची वाटते.

तुमच्या तालुक्यात यंदाही सामने भरतील. मंडळाच्या सभेला जा. पंचांचं जाण्यायेण्याचं पूर्ण भाडं मंडळाच्याच हातून, पहिल्या शिट्टीच्या आधी मिळावं, असा ठराव मांडा. कुणी हसलं तरी बसू नका. ठराव होईपर्यंत उभे राहा.