पुतळाबाईचं खळं

सारसोळ्याच्या पुतळाबाईला कुणी शिवी दिली तर ती दोन शिव्या परत देऊन मोकळी व्हायची. पण तिच्या जवळ्याला कुणी घाण म्हटलं, की तिचं तोंडच बंद व्हायचं. तो शब्द ती घरी न्यायची, रात्रभर चघळायची आणि सकाळी दुप्पट जोराने झाडू मारायची. हा तिचा स्वभाव होता, आणि या स्वभावानेच तिला पुढे बुडवलं.

घणसोलीहून लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला चूल दाखवायच्या आधी खळं दाखवलं होतं. गावाच्या कडेला, खाडीच्या अंगाला, मातीचं एक मोठं सपाट अंगण. दसरा झाला की गावातल्या बायका ते उकरायच्या, नवी माती घालायच्या, चोपण्याने बडवून बडवून गुळगुळीत करायच्या आणि वर शेणाने सारवायच्या. मग पाऊस येईपर्यंत तिथे जवळा, म्हणजे खाडीतली बारीक कोलंबी, सुकायचा. सकाळी पसरायचा, उन्हं चढली की हाताने परतायचा, दंव पडायच्या आत गोळा करायचा. कावळ्यांसाठी काठीला काळं फडकं. सासू सांगायची, जवळ्यात वाळूचा एक कण गेला तर गिऱ्हाईक दातांनी ओळखतं आणि पुन्हा येत नाही. पुतळाने हे असं मनावर घेतलं की सासूलाही नंतर तिच्या टापटिपीचा जाच व्हायला लागला. चप्पल घालून खळ्यावर आलेल्या सख्ख्या दिराला तिने एकदा चोपणं उगारून पळवलं होतं.

पुढे नवरा काविळीने गेला. शेती तर त्याच्याही आधी नव्या शहरासाठी गेली होती. होडी मोडीत निघाली. मुलगा तुर्भ्याच्या एका कारखान्यात कधी कामावर, कधी घरी. राहिलं ते खळं, आणि घर चालायचं ते त्याच्यावर. आता हे खळं कुणाचं, असं विचारलं असतं तर अख्खं गाव हसलं असतं. खळं गावाचं. ते कुणाच्या नावावर नव्हतं, कारण ते नावावर करायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला खळ्याच्या पलीकडे इमारती उभ्या राहिल्या. दादर-गिरगावातल्या एका खोलीतून सुटलेली, कर्ज काढून दोन खोल्या घेतलेली नोकरदार माणसं राहायला आली. त्यांना विकताना दाखवलेल्या रंगीत चित्रात समोर बाग होती. बागेत कारंजं होतं, घसरगुंडी होती. खिडकी उघडली तर समोर जवळा. माणसं चिडली, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकलं नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी दिलीप नाबर यांच्या मुलीला, जाईला, दमा होता. वारा फिरला की ते घराची सगळी दारं-खिडक्या लावून बसायचे आणि आत उकडून निघायचे.

मौज अशी की याच नाबरांच्या घरी पुतळा दर आठवड्याला जवळा द्यायची. नाबरांची बायको, स्मिता, मूळची मालवणकडची. तिला जवळ्याच्या चटणीशिवाय भाकरी जायची नाही, आणि नाबरही ती चटणी बोटं चाटून खायचे. "मावशी, तुमच्या जवळ्यात कधी कचकच लागत नाही हो," असं स्मिता म्हणायची तेव्हा पुतळा लाजल्यासारखी हसायची आणि मूठभर जवळा वर टाकायची. मात्र त्याच इमारतीतली दुसरी एक बाई जिन्यात तिला बघून नाकाला पदर लावत म्हणाली होती, "शी, काय घाण!" ते पुतळा विसरली नव्हती.

मग एके दिवशी खळ्याच्या कडेला चुन्याच्या रेघा पडल्या. बागेची भिंत येणार होती. नकाशात ती जागा पहिल्यापासून बाग म्हणूनच रंगवलेली होती, फक्त गावाला कुणी सांगितलं नव्हतं. गावात धावपळ उडाली. कंपनीत फिटर असलेल्या सिताराम पाटलाने चार लोकांना विचारून प्लॅनच्या कचेरीत अर्ज घातला, की हे आरक्षण बदला, बाग दुसरीकडे न्या, ही जागा मासळी सुकवायला ठेवा. कचेरीने रीतसर नोटीस लावून हरकती मागवल्या. सोसायटीने हरकत घेतली. वास, माश्या, मुलांचं आरोग्य, सगळं लिहिलं. कचेरीने सांगितलं, आधी आमचा माणूस जागा पाहून जाईल, मग दोन्ही बाजूंची सुनावणी.

"सायेब बुधवारी येनार हाय," सितारामने बायकांना जमवून सांगितलं. "तो काय बगंल त्याच्यावर सगलं हाय."

त्या आठवड्यात जवळा दिल्यावर पुतळाने स्मिताला सहज म्हणून ही गोष्ट सांगितली. स्मिताने आधी आत नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "मावशी, ह्यांना सांगू नका मी बोलले म्हणून. पण साहेब येतील तेव्हा तेवढा वास नसेल असं बघा. बाहेरच्या माणसाला पहिला तोच लागतो."

ती हे मनापासून बोलली, याबद्दल पुतळाला शेवटपर्यंत शंका नव्हती.

सल्ला निमित्ताला झाला, बाकी काम पुतळाच्या स्वभावाने केलं. घरी पाहुणा यायचा म्हणजे अंगण झाडायचं, पसारा आत टाकायचा, हे त्या गावात पोरीबाळींनाही सांगावं लागत नसे. इथे तर साहेब येणार, आणि तोही त्यांना घाण म्हणणाऱ्यांच्या हरकतीवरून. मंगळवारी दुपारी तिने फर्मान काढलं, जवळा उचला.

तिची सून गोजरा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आई, आज नाय उचलायचा. अजून वला हाय. आन सायबाला हाय तसं बगू दे की. आपन जवलाच सुकवतो ना?"

"तुना काय कलतंय?" पुतळा उसळली. "नाकाला रुमाल लावून उबा ऱ्हायला तर? घान बोलंल आपल्याला. मी नाय आयकायची."

"बोलू दे. दिसंल तरी."

"उचल बोलले ना!"

गोजराने उचलला. तिच्यामागे बाकीच्याही वाकल्या, कारण खळ्यावर पुतळाचा शब्द चालायचा. ओला-अर्धा जवळा टोपल्यांत भरून घराघरांत गेला. खाली अंथरलेली जुनी जाळी गुंडाळली. सावलीचा मांडव उतरवला. काळ्या फडक्याची काठीसुद्धा उपटली, कारण ते पुतळाला अशुभ दिसत होतं. मग बायकांनी खळं झाडलं, पाणी शिंपडलं, ताज्या शेणाने सारवलं. बुधवारी पहाटे पुतळाने कडेला रांगोळीही घातली.

साहेब आला. तरुण होता, नम्र होता, बोलायला गोड. बरोबर कॅमेरेवाला. सोसायटीच्या बाजूने नाबर आणि आणखी दोघं येऊन उभे राहिले. साहेबाने सगळीकडे नजर फिरवली. समोर लख्ख सारवलेली मोकळी जमीन, एका कडेला रांगोळी, आणि खाडीवरून येणारा वारा. नाबर आधी गोंधळले. मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं आणि हातातला हरकतीचा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

"इथे काय चालतं, मावशी?" साहेबाने विचारलं.

"जवला सुकवतो, सायेब."

"कुठे आहे?"

"आज उचललाय. तुमी येनार म्हनून साफ केला."

"अच्छा." साहेब हसला. "जागा मात्र फार छान ठेवलीये हो. अगदी स्वच्छ."

एवढ्या वर्षांत त्या बाजूच्या कुणी हा शब्द तिच्यासाठी वापरला नव्हता. पुतळाचा चेहरा उजळला. सिताराम मात्र घाईने पुढे झाला, "सायेब, घरात टोपल्या हायत, बगा पायजे तर," म्हणाला. पण साहेबाला जागा पाहायची होती, लोकांची घरं नव्हे. फोटो काढले गेले. पुतळाने आग्रह करून त्याला चहा पाजला.

घरात टोपल्यांतला जवळा दोन दिवसांत आंबला. अख्खी खेप खाडीत ओतावी लागली. गोजराने ती एकेक टोपली करून ओतली. पुतळा मात्र त्या आठवड्यात गावभर सांगत फिरत होती, सायेब सोच्च बोलला, आपल्या तोंडाने बोलला.

सुनावणीला गाव टेम्पोने गेलं. पुतळाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मोठ्या टेबलामागच्या अधिकाऱ्याने पाहणीचा अहवाल वाचून दाखवला. जागा मोकळी आहे. जागा स्वच्छ आहे. पाहणीच्या वेळी तिथे मासळी सुकवण्याचा कोणताही वापर आढळला नाही, तशी कोणतीही साधनं आढळली नाहीत. सोबत फोटो जोडले आहेत. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

पुतळाला आधी कळलंच नाही. स्वच्छ म्हटल्यावर तिने मान डोलावलीसुद्धा. सितारामने कानात सांगितलं तेव्हा ती ताडकन उठली.

"सायेब, तो आमी झारला ना! तुमी येनार म्हनून झारला! माजा जलम गेला तिथं."

"मावशी, तुमचं म्हणणं नोंदवून घेतो," अधिकारी म्हणाला. "पण नियमित वापर असल्याचं कुणी त्रयस्थ सांगू शकेल का? गावाबाहेरचं कुणी?"

पुतळाने वळून पाहिलं. सोसायटीच्या लोकांत, नवऱ्याच्या शेजारी, स्मिता बसली होती. पुतळाचा जीव भांड्यात पडला.

"स्मिताबाय, तुमी सांगा. दर आठवड्याला माजा जवला खाता तुमी. तुमच्या खिरकीतून सगलं दिसतं. सांगा ना बाय."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. नाबर समोर बघत होते. त्यांनी बायकोला ना डोळ्यांनी दटावलं, ना हात लावला. स्मिताने पर्सचा बंद उगाच बोटाभोवती गुंडाळला. तिला संध्याकाळी त्याच घरी परत जायचं होतं, त्याच जिन्याने, आणि रात्री जाईची छाती शेकायची होती. ती खाली बघत राहिली. अधिकाऱ्याने पुढचा कागद घेतला.

अर्ज फेटाळला गेला. पावसाळ्याआधी भिंत उभी राहिली. खळं मशीनने उकरलं तेव्हा सासवांच्या सासवांनी चोपलेली माती ढेकळांनी वर आली. बायका बघायला गेल्या, पुतळा गेली नाही. भिंतीच्या आत गवत लावलं, घसरगुंडी आली. कारंजं काही आलं नाही. खिडक्या उघड्या राहायला लागल्या. जाईचा दमा मात्र होता तसाच राहिला, कारण तो वासाचा नव्हताच.

पुतळा हरली तरी बसली नाही. पुढच्या हंगामात तिने रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरली. शेजारून बांधकामाचे ट्रक जायचे. ती दिवसभर फडकं मारत बसायची, जाळी बदलायची, गोजराला सुपाने पाखडायला लावायची. कुणाचं चप्पल पडेल म्हणून भोवती विटा मांडायची. ट्रकला काय सांगणार? जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. शेवटी गोजराने तुर्भ्याला पॅकिंगचं काम धरलं. "आई, तुमी नका तरास घेऊ," एवढंच ती म्हणाली. मंगळवारच्या दुपारचं तिने एकदाही काढलं नाही. तिने एकदा तरी भांडून घ्यावं, असं पुतळाला फार वाटायचं.

सुनावणीनंतर स्मिता बरेच महिने समोर आली नव्हती. एका सकाळी पुतळा सोसायटीच्या फाटकावरून पाटी घेऊन चालली होती, तर वरून हाक आली. स्मिता धावत जिना उतरून आली. डोळ्याला डोळा न भिडवता तिने जवळा घेतला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून, पूर्वीच्या सवयीने, चिमूटभर तोंडात टाकला. चावता चावता ती थबकली.

"काय गो बाय?"

"काही नाही, मावशी."

"बोल. कचकच लागते ना?"

स्मिताने मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते. पुतळाने पाटी खाली ठेवली, स्वतः मूठभर जवळा तोंडात घातला आणि सावकाश चावला. वाळू करकरली. पूर्ण चावून झाल्यावर तिने तो रस्त्याच्या कडेला थुंकला आणि पदराने तोंड पुसलं.

"घान हाय," पुतळा म्हणाली.

मग तिने पाटी उचलली, बागेच्या भिंतीपाशी नेली आणि सगळा जवळा तिथे उपडा केला. कावळे जमले. तिने त्यांना हाकललं नाही.