प्रभू येईपर्यंतचे दात

माझे सासरे सकाळी उठले की आधी प्रार्थना करतात, मग अंगणात जाऊन पूर्वेकडं आभाळ बघतात. प्रभू येशू परत येणार तो ढगांतून, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलंय आणि तंतोतंत मानलंय. आभाळ मोकळं दिसलं की आत येऊन मला सांगतात, "अजून तरी न्हाय. चहा टाक."

आम्ही शेळगावात राहतो. माझा नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला आहे. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते.

आबांचे दात एकेक करून गेले. शेवटचा भाकरीच्या कडेत अडकून निघाला. आबांनी तो हातात घेऊन जरा वेळ बघितला आणि कुंपणापलीकडं टाकून दिला. नवरा म्हणाला, "आबा, बारामतीला जाऊ. कवळी करून घेऊ."

"कशाला?" आबा म्हणाले. "प्रभू आला की आपल्याला नवं, गौरवी शरीर मिळणार हाय. त्यात दात आलेच की."

"आणि तवर?"

"तवर सूनबाई हाय."

झालं. प्रभूचं येणं लांबलं त्याचा सगळा भार माझ्या मिक्सरवर पडला. भाकरी दुधात कुस्करायची, भाजी वाटायची, डाळ घोटायची. एकदा तर मी कोंबडीचा रस्सा तुकड्यांसकट वाटून ताटलीत वाढला. आबांनी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हे काय हाय ते सांगू नको. मी विश्वासानं खातो."

बांधापलीकडं आबांचे शाळेपासूनचे दोस्त राहतात. त्यांना तात्या म्हणतात. ऊसवाले आहेत, घर हिंदू आहे, पण नाताळात आमच्या करंज्यांचा पहिला डबा त्यांच्याकडं जातो. आबा त्यांना दर वेळी उपासनेला या म्हणतात आणि ते हसून टाळतात. तात्यांचेही दात गेले होते. त्यांनी मात्र गुपचूप बारामतीला जाऊन कवळी आणली आणि आमच्या ओट्यावर बसून भाजक्या शेंगा खायला सुरुवात केली. मुद्दाम आवाज करून खात होते.

"आबा, तुमच्या प्रभूला याया किती येळ हाय अजून?"

"तो दिवस कुणालाच ठावं न्हाय, तात्या."

"मग तवर चार शेंगा खाल्ल्या तर काय बिघडतंय?"

आबांनी शेंगांकडं पाठ केली. तात्या गेल्यावर आत आले आणि हळूच मला म्हणाले, "मोह हाय हा. शेंगा घेऊन आलाय."

तरीही ते हलले नसते. त्यांना हलवलं ते इंदापूरच्या उपासनेनं.

इंदापूरला आमची लहानशी मंडळी जमते. तिथं शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, आबा करतात. त्यांचा आवाज खणखणीत आहे आणि या कामाचा त्यांना मोठा अभिमान आहे. त्या रविवारी प्रभूनं सांगितलेला दहा कुमारींचा दाखला होता. दहाजणी दिवे घेऊन नवरदेवाची वाट बघतात, त्यांतल्या पाच मूर्ख आणि पाच शहाण्या. आता दातांशिवाय श म्हणायचा म्हणजे नुसता वारा. पाच शहाण्या आल्या की आबांच्या तोंडून निघायचं, "पाच हाण्या." त्या दाखल्यात शहाण्या पुन्हा पुन्हा येतात. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, रुमाल तोंडावर धरला. मी आपली फरशी बघत बसले.

उपासना झाल्यावर चहाच्या वेळी एका म्हाताऱ्या मावशींनी मला बाजूला घेतलं. त्यांना जरा कमी ऐकू येतं.

"त्या पाचजणी कुणाला हाणत होत्या गं? आणि नवरदेव मधी पडला न्हाय का?"

मी समजावून सांगेपर्यंत आबा मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं. आम्ही रिक्षानं घरी आलो. दारात चप्पल काढताना आबा म्हणाले, "सूनबाई, वाट बघायची म्हंजी हातातलं काम टाकून बसायचं नसतं. मला वाचायचं काम दिलंय. उद्या मालक आला आणि त्यानं इचारलं, नीट वाचलंस का, तर मी काय सांगू? पाच हाण्या?"

त्याच आठवड्यात आम्ही बारामतीला गेलो. दातांची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं माप घ्यायला आबांच्या तोंडात गुलाबी लगदा भरला. आबांना नेमकं तेव्हाच काहीतरी विचारायचं होतं. लगदा काढल्याबरोबर ते म्हणाले, "डॉक्टरबाई, एकदम वर जायची येळ आली, तर हे दात खाली तर पडणार न्हाईत?"

मुलीचा चेहरा बदलला. तिनं आधी आबांचं बीपी तपासलं. मग छातीत दुखतं का विचारलं. मला बाहेर बोलावून म्हणाली, "आजोबांच्या मनात असे विचार कधीपासून येतात?"

"लहानपणापासून," मी म्हणाले. त्यानं ती आणखीनच घाबरली. शेवटी मी तिला प्रभूचं येणं, विश्वासणाऱ्यांचं ढगांत उचललं जाणं, सगळं तिथं दारातच सांगितलं. बाकीचे पेशंट गाल धरून ऐकत होते. मुलगी शहाणी होती. आत जाऊन आबांना गंभीरपणे म्हणाली, "आजोबा, चिकटवायची पेस्ट लावा. मग कुठंही गेलात तरी हलणार नाहीत. फक्त रात्री काढून पाण्यात ठेवायचे."

"आणि तो रात्रीच आला तर?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "उशाशी वाटी ठेवू."

कवळी आली आणि माझा मिक्सर सुटला. आबा आणि तात्या मिळून पेरू खायला लागले. एका शनिवारी तात्यांच्या मळ्यात दोघांनी पोटभर पेरू खाल्ले, बिया अडकल्या म्हणून दोघांनी कवळ्या काढल्या आणि एकाच घमेल्यात धुतल्या. गप्पांच्या नादात उचलल्या आणि बसवल्या.

दुसऱ्या दिवशी आबा वाचायला उभे राहिले. श अगदी स्वच्छ येत होता, पण प्रत्येक वाक्यानंतर तोंडातून टक असा आवाज यायचा. एकदा तर वरची ओळ ओठांच्या बाहेर डोकावली. आबांनी ती अंगठ्यानं आत दाबली आणि वाचन पुरं केलं. मंडळी हसली आणि आबाही हसले.

त्याच सकाळी तात्यांच्या शेतकरी सोसायटीची मीटिंग होती. संध्याकाळी ते तावातावानं आमच्याकडं आले. तोंड धड उघडत नव्हतं.

"आबा, हे दात तुमचे हायत. लई घट्ट. मीटिंगमधी एक शिवी बाहेर पडंना. मी गप बसलो, तर चेअरमनला वाटलं मला सगळं मान्य हाय. त्यानं मला शेजारी बसवून चहा पाजला. पंधरा वर्षांत पयल्यांदा."

"मग बरंच झालं की," आबा म्हणाले. "ठेवता का माझे दात अजून दोन दिस?"

मी पाणी उकळलं, दोन वेगळी भांडी घेतली आणि ज्याचे त्याला दात परत दिले. तात्या उठले नाहीत. चहा झाला तरी बसून राहिले. मग खाली बघत म्हणाले, "आबा, खरं सांगा. तो आला की तुमी लगीच जाणार?"

"व्हय."

"बांधावरनं मला एक हाक तरी मारणार का न्हाय?"

मला वाटलं आता दोघं हसतील. पण आबा हसले नाहीत. त्यांनी तात्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हाक तर मी किती वर्सं मारतोय, तात्या."

 तात्यांनी टोपी नीट केली आणि ते उठले. "सकाळी पाण्याची पाळी हाय. पाईप धराया या."

"येतो," आबा म्हणाले. "प्रभूची मर्जी असली तर."

सकाळी आबा गेले, आणि दुपारी गुडघ्यापर्यंत चिखलात भरून दोघंही जेवायला आमच्याकडंच आले.