सुमनवहिनींचं माप

सुमनवहिनी शिंकण्याआधी जाहीर सूचना देत. "थांबा, शिंक येऊन राह्यली!" म्हणत त्या शिलाई मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरत आणि आम्ही गिऱ्हाईक बायका श्वास रोखून उभ्या राहत असू. एकदा नुसत्या शिंकेने त्यांची बरगडी मोडली होती. हाडं ठिसूळ असण्याचा दुर्मिळ आजार त्यांना जन्मापासूनच होता. तरी आमच्या बेला गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्याच शिवत.

चाळिशीनंतर त्यांचे मणके खचू लागले. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, छातीचं ओझं कणा पुढे ओढतंय. स्तन लहान करण्याचं ऑपरेशन केलं नाही, तर मशीनवर बसणं विसरा. झालं! एरवी जो शब्द उच्चारायचीही चोरी, त्यावर पानठेल्यावर तासन्‌तास चर्चा रंगू लागली. सासूबाई म्हणाल्या, "देवानं देल्लं काऊन कापतं वं?" पतिराज हणमंतरावांनी लोक काय म्हणतील याची काळजी वाहिली, कण्याची वाहायला वहिनी होत्याच. मी शाळामास्तरीण, तेव्हा मीही शिकवलं, "सैल ब्लाऊज घाला ना, म्हणजे दिसणार नाही."

वहिनींनी कात्री खाली ठेवली. "वझं दिसते म्हून नाई काढून राह्यली, बाई. अन् अख्ख्या गावाचं माप माह्या वहीत हाय. मी कदी कोनाचं बोलली का?"

हे बोलणं संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचलं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर फक्त पान खाल्लं गेलं.

नागपूरला निघण्याआधी बायकांनी रीतीप्रमाणे त्यांची ओटी भरली. ऑपरेशनला विरोध असला, तरी ओटीत कुणी हात आखडला नाही. वजनाने खचलेल्या बाईच्या पदरात आम्ही एकामागून एक अकरा नारळ टाकले. वहिनी कळवळून म्हणाल्या, "पह्यले ह्या वझ्याचं आपरेशन करा वं!"

भूल देताना मान जरा वेडीवाकडी झाली तरी मणका जाईल, अशी डॉक्टरांना धास्ती होती. सोबत मीच गेले होते. स्ट्रेचरवर उचलायला चौघे आले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "काचेचं सामान हाय, बाबू. हळू." ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं आणि मला रडू कोसळलं.

तीन महिन्यांनी त्या मशीनवर ताठ बसलेल्या दिसल्या. मी म्हटलं, "वहिनी, आधी फार दुखायचं का हो?"

त्या टेप घेऊन उठल्या. "सोळा वरसं तुमी मले माप देऊन राह्यल्या, बाई. आज इचारलं. हात वर करा."

मी हात वर केले आणि मान खाली घातली.