पाच घरांच्या किल्ल्या

जुलैत दुबईतली आमची अल कुसैसची बिल्डिंग ओस पडते. शाळांना सुट्टी लागली की शिक्षकमंडळी आपापल्या देशाला जातात. चौथ्या मजल्यावरच्या आयरिश बाई तेवढ्या राहतात. साठीच्या, इंग्रजी शिकवणाऱ्या. गेलेल्या पाच जणांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. रोज संध्याकाळी त्या पाचही घरांतल्या कुंड्यांना पाणी घालतात, बुरशी धरू नये म्हणून घटकाभर एसी लावतात.

लिफ्टमध्ये त्या मला इंग्रजीत विचारायच्या, "आज फार उकडतंय, नाही?" मी म्हणायचो, "येस मॅडम."

एकदा म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी छान आहे." मी ताठ झालो. "बीए आहे मॅडम. आमच्या घरात पहिला."

"मग थोडं जास्त बोला की! दुपारी फोन आला, तर माझा आवाजच फुटेना. सकाळपासून तोंडच उघडलं नव्हतं."

ऑफिसची पत्रं मी झकास लिहितो. पण इंग्रजीत गप्पा आजवर कुणाशी मारल्याच नव्हत्या. माझा मजला आला. "थँक्यू मॅडम" म्हणून मी उतरलो.

वळून पाहिलं, तर वर्गात पोराच्या उत्तरासाठी थांबावं, तशा त्या माझ्याकडे बघत होत्या. मग दार मिटलं.